कडूबाईचा इजहार

मी सव्वीस वर्षं परभणी जिल्ह्याच्या कोर्टात पेशकार होतो. साक्षीदार बोलायचे, त्यातलं घ्यायचं तेवढं जज्जसाहेब सांगायचे आणि मी कागदावर उतरवायचो. त्या साक्षीला आमच्याकडं इजहार म्हणत. या गोष्टीच्या वेळी निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, उर्दूत लिहिणाऱ्या आमच्या हातांना मराठीत लिहायचा हुकूम झाला होता, पण शब्द जुनेच चालत. हजारेक इजहार मी लिहिले असतील. त्यातला एक मी नीट लिहिला नाही. तो कडूबाईचा.

कडूबाई राणीसावरगावच्या डोंगराकडच्या एका वाडीतली, धनगराची लेक. नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला टाकली, तेव्हा ती भावाकडं परत आली. भाऊ लिंबाजी तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. घरात त्याची बायको केवळाबाई आणि साठ-सत्तर मेंढरं. केवळाबाई घर बघायची, बहीण-भाऊ मेंढरं घेऊन डोंगरात जायचे.

बाई भित्री नव्हती, हे आधी सांगून टाकतो. एकदा लांडग्यानं कोकरू धरलं तर ती काठी घेऊन त्याच्या अंगावर गेली होती आणि दोन रट्टे घालून त्याच्या जबड्यातून कोकरू ओढून काढलं होतं. वाडीत ती गोष्ट लय दिवस चालली. पोलिसांच्या कागदातही ती कोणीतरी कौतुकानं घातली, आणि पुढं तीच तिच्या गळ्यात आली.

बावन्न सालचा माघ महिना. वाडीच्या पाटलाचा पुतण्या भुजंग यानं गायरानाचा एक पट्टा नांगरून आपल्या रानात घेतला होता आणि त्याला बाभळीच्या काट्यांची कुपाटी घातली होती. मेंढरांची ओढ्यावर जायची वाट त्यात बुजली. लिंबाजीनं आधी दोनदा पाटलाच्या ओट्यावर जाऊन हात जोडले. तिसऱ्यांदा हात जोडायला गेला नाही. भर दुपारी त्यानं काठीनं काटे बाजूला सारले आणि मेंढरं पाण्याला सोडली.

कडूबाई वीसेक पावलं मागं होती. त्याच सकाळी जन्मलेलं कोकरू तिनं छातीशी धरलेलं होतं. भुजंग आणि त्याचे दोन सालगडी ओढ्याच्या काठानं आले. बोलाचाली फार झालीच नाही. भुजंगानं कुऱ्हाड घातली, लिंबाजी पाण्यात पडला, पुन्हा घातली. मग ते तिघं आल्या वाटेनं निघून गेले.

कडूबाई तिथंच उभी होती.

ती किती वेळ उभी होती, हे कोणालाच सांगता आलं नाही, तिला तर नाहीच. शेळ्या चारणारा धोंडीबा नावाचा म्हातारा दिवस कलताना तिकडून चालला होता. मेंढरं पांगलेली बघून तो ओढ्याकडं वळला. त्याला लिंबाजी पाण्यात दिसला आणि काठावर कडूबाई. डोळे उघडे, हालचाल नाही. लुगडं ओलं झालेलं, पायाखालची माती ओली. त्यानं हाक मारली, ती वळली नाही. खांदा धरून हलवला तेव्हा कोकरू तिच्या हातातून खाली पडलं. ते मेलेलं होतं. तिनंच ते छातीशी दाबून दाबून मारलं होतं, आणि तिला ते माहीत नव्हतं.

दोन दिवस तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. घास गिळता येईना, पाणी पाजलं की बाहेर यायचं. हातपाय गार आणि अंगाला घाम. बायका म्हणाल्या, बाहेरचं लागलंय. लिंबू उतरवलं, धूर दिला. केवळाबाई नवऱ्याच्या मढ्यापाशी बसून होती. तिनं तिथूनच नणंदेकडं बघितलं आणि विचारलं, "तू तितं होतीस ना? मग वरडली कामून न्हाईस? पलीकडच्या रानात दहा मानसं तुरी काढायला होती. एक हाळी घालायला काय झालतं तुला?"

कडूबाईनं तोंड उघडलं. आवाज आला नाही.

तिसऱ्या दिवशी पोलीस नाक्यावर तिचा पहिला जबाब झाला. त्यात तिनं दोन माणसं सांगितली. आठ दिवसांनी दुसरा झाला, त्यात तीन. पहिल्यात भुजंगाचं नाव होतं, बाकीच्यांचं नव्हतं. तुरी काढणाऱ्या दहा माणसांपैकी कोणीही काहीही पाहिलेलं नव्हतं. पाटलाच्या वाडीत राहून पाहणार तरी कसं? सगळा खटला या एका बाईच्या तोंडावर उभा राहिला.

वर्षभरानं खटला चालला. कडूबाई पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा मी तिला पहिल्यांदा बघितलं. वय पंचविशीचं, पण कपाळाजवळचे केस झडलेले. कोर्टात दार आपटलं की तिचं सगळं अंग उडायचं आणि मग ती आपणच लाजून पदर सारखा करायची. सरकारी वकिलानं विचारलं त्याची उत्तरं तिनं हळू पण बरी दिली. मग आरोपीचे वकील बन्सीधरराव उठले. हुशार माणूस. आवाज कधी चढवायचे नाहीत.

"भुजंगानं कुऱ्हाड कोणत्या हातानं मारली?"

"ठावं न्हाई."

"त्याच्या अंगात काय होतं? सदरा? बंडी?"

"ध्यानात न्हाई, सायब."

"डोक्याला पटका होता की बोडकाच होता?"

"त्येबी ठावं न्हाई."

"मग तुझ्या ध्यानात आहे तरी काय?"

कडूबाई एकदम म्हणाली, "कुऱ्हाडीच्या दांड्याला तांब्याची तार गुंडाळल्याली व्हती. सात येढे. वरचा येढा सुटल्याला. त्येच्यावर ऊन पडलं व्हतं."

ती हे अशा खात्रीनं बोलली की मी मान वर करून बघितलं. सात वेढे. वीस पावलांवरून तिनं ते मोजले होते, आणि मारणाऱ्याच्या डोक्याला काय होतं हे तिला दिसलं नव्हतं. बन्सीधररावांनी मेजावरची कुऱ्हाड उचलली. पोलिसांनी भुजंगाच्या गोठ्यातून जप्त केलेली. तिचा दांडा नवा होता, बाभळीचा, साफ गुळगुळीत. तार कुठंच नव्हती.

"ही बघ. आहे तार?"

"न्हाई."

"म्हणजे ही ती कुऱ्हाड नव्हे?"

"दांडा बदलला आसंल."

"असेल ते सोड. तू लांडग्याच्या तोंडातून कोकरू सोडवलंस, खरं ना? पोलिसांच्या कागदात आहे. मग सख्ख्या भावावर कुऱ्हाड पडताना तू धावली नाहीस, दगड मारला नाहीस, ओरडलीसुद्धा नाहीस. कामून?"

तिनं पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला. ओठ हलायला लागले, पण काही वेळ नुसताच श्वास आला. मग ती म्हणाली, "तोंडच उघडंना, सायब. मी वरडायलेच व्हते. आतून वरडायलेच व्हते. पाय जमिनीत रवल्यावानी झालते. कानाला काई ऐकू येईना."

"आणि हातात जे कोकरू होतं, ते कसं मेलं?"

"मी दाबलं. मला कळलं न्हाई."

बन्सीधरराव जज्जसाहेबांकडं वळले. "हुजूर, स्वतःच्या हातातलं कोकरू मेलं ते हिला कळलं नाही. आणि वीस पावलांवर कोणी कोणाला मारलं, ते मात्र कळलं!"

मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. जज्जसाहेब घड्याळाकडं बघून मला म्हणाले, "माधवराव, लिहा. साक्षीदाराला ओरडली का नाही असं विचारलं असता साक्षीदार गप्प."

उर्दूच्या काळात आम्ही 'गवाह खामोश' असं लिहायचो. हात त्याच वळणानं गेला. मी लिहिलं, 'साक्षीदार गप्प.'

इजहार संपला की साक्षीदाराला वाचून दाखवायची रीत असते. मी भराभर वाचायला लागलो. त्या ओळीवर आलो तशी ती म्हणाली, "गप न्हवते की. मी सांगितलं. तोंडच उघडंना म्हनले."

मी जज्जसाहेबांकडं बघितलं. ते पुढच्या खटल्याचा कागद चाळत होते. मान वर न करता त्यांनी हात हलवला, म्हणजे उरका. मी शाईची डबी पुढं केली. तिनं माझ्याकडं बघत अंगठा उठवला. कागदाकडं बघितलं नाही, म्हणून ठसा फरकटला. मी तिचं मनगट धरून दुसऱ्यांदा नीट उठवून घेतला. कागद बिनचूक असला पाहिजे, असा माझा लौकिक होता.

पंधरा दिवसांनी फैसला झाला. जबाबात फरक, तक्रारीला उशीर, हत्यार जुळत नाही, आणि एकमेव साक्षीदाराचं वागणं माणसाच्या स्वभावाला धरून नाही. तिघंही सुटले. कोर्टाच्या आवारात त्यांना हार घातले गेले. केवळाबाई लिंबाच्या झाडाखाली बसली होती. कडूबाई तिच्याजवळ गेली तशी ती उठून दुसऱ्या झाडाखाली गेली.

मी घरी जाऊन जेवलो, झोपलो. तो खटला मी विसरलोही असतो. चार वर्षांनी, सत्तावनच्या श्रावणात, माझ्याच घरात एक गोष्ट घडली म्हणून विसरता आला नाही.

माझी बायको अंबिका स्टो पेटवत होती. मी दारात उभा, हातात पाण्यानं भरलेला तांब्या. स्टोचा भडका उडाला आणि तिच्या पदरानं पेट घेतला. ती माझ्याकडं वळून किंचाळली. म्हणजे किंचाळली असणार, कारण तिचं तोंड उघडलेलं मला दिसलं. आवाज आला नाही. मला दिसत होती फक्त स्टोची पिन, फरशीवर पडलेली, टोकाला वाकलेली. बाकी सगळं धूसर. धाव, असं मी स्वतःला सांगत होतो आणि पाय हलत नव्हते. पाणी तर हातात होतं. शेजारच्या नर्मदाबाई भिंतीपलीकडून धावत आल्या, त्यांनी दारातली घोंगडी अंबिकेवर टाकली आणि आग विझवली. तोवर तिची डावी मांडी आणि हात भाजला होता. माझ्या हातातला तांब्या तसाच भरलेला होता. तो नंतर कोणीतरी माझी बोटं उकलून मुठीतून काढून घेतला.

अंबिका वाचली. मला मात्र कोणी विचारलं नाही, माधवराव, तुम्ही ओरडला का नाहीत? पाणी का टाकलं नाहीत? लोक म्हणाले, बिचारे घाबरले. मला खाटेवर बसवलं, गूळ-पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. महिनाभर मला झोप नव्हती. काडी ओढल्याचा आवाज आला तरी छाती धडधडायची, तळहाताला घाम सुटायचा, जेवायला बसलो की मळमळायचं. आणि त्या दिवशीचं आठवायला गेलो तर पिन आठवायची. नुसती पिन.

अंबिकेच्या मलमपट्टीला दत्तराव डॉक्टर यायचे. एक दिवस मी त्यांना सगळं सांगितलं. हेही सांगितलं की मला माझीच शरम वाटते. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"हरणाचं पाडस बघितलंय?" ते म्हणाले. "लांडगा जवळ आला की ते पळत नाही. निपचित होतं. ते काही विचार करून नाही करत. आपलंही तसंच आहे. जिवावरचं संकट एकदम समोर आलं की शरीर आपल्याला विचारत नाही. काळीज जोरात चालतं, तोंडाला कोरड पडते, पोट-लघवी सुटते. कोणाला पळायला बळ येतं, कोणी अंगावर जातो, आणि कोणी जागच्या जागी थिजतो. आज अंगावर गेलेला उद्या थिजेल. डोळा एकाच वस्तूला चिकटतो, कान बंद होतात, गळा आवळतो. आणि नंतर आठवतं ते पाटी फुटल्यासारखं. एका तुकड्यावरची अक्षरं लख्ख, बाकीचे तुकडे सापडतच नाहीत. यात शरम कसली?"

मी त्यांना विचारलं, "डॉक्टर, हे कोर्टाला माहीत असतं का?"

ते हसले. "कोर्टात तुम्ही असता, मी नाही."

कडूबाईला हे सांगायला हवं, असं मला त्याच दिवशी वाटलं. पण मी चार महिने गेलो नाही. तिच्या वाडीकडं जाणारी गंगाखेडची मोटार रोज सकाळी सुटायची. मी गेलो नाही, एवढंच खरं.

पौषात गेलो. चौकशी केली तर कळलं, फैसल्यानंतर केवळाबाईनं तिला घराबाहेर काढलं होतं. वाडीत तिला कोणी कामाला बोलवत नव्हतं. पाटलाची भीती होतीच, पण त्याहून जास्त हे की, जिनं भाऊ मरताना उभं राहून बघितला ती बाई दारात नको. ती सडकेच्या कामावर खडी फोडायला होती. उन्हात दगडाच्या ढिगाऱ्याशी ती हातोडी घेऊन बसलेली मला दिसली. चार वर्षांत चाळिशीची झाली होती.

तिनं मला ओळखलं. "मुन्शीसायब ना तुमी? अंगठा घेतलेले."

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. माझ्या बायकोचं, तांब्याचं, डॉक्टरांचं, पाडसाचं. ती हातोडी मांडीवर ठेवून ऐकत होती. मध्ये एकदा म्हणाली, "तुमालाबी आवाज आला न्हाई?" मी नाही म्हणालो.

"सुरवातीला इतं प्रत्येक ठोक्याला अंग उडायचं माजं," ती म्हणाली. "मुकादम म्हनायचा, येडी हाय. आता उडत न्हाई. मंजी उडतंय, पर आतल्या आत." मग तिनं विचारलं, "हे डाक्तर तवा कुटं व्हते?"

"इथंच होते. आपल्याच जिल्ह्यात."

"मंग कोनी इचारलं न्हाई का त्येन्ला?"

"नाही."

ती उठली. पदर झटकला. "मला सांगून काय उपेग, सायब. मी उभी राहिले ते मला ठावं हाय, अन् मी मुद्दाम न्हाई राहिले तेबी ठावं हाय. माज्या वयनीला सांगा. चला."

वाडी तिथून कोसभर. वाटेत समोरून एक बैलगाडी आली. गाडीतल्या माणसानं मला बघून कासरा ओढला. "रामराम मुन्शीसायब! इकडं कुठं?" तो भुजंग होता. अंगानं भरला होता. माझ्या शेजारी कोण आहे हे त्यानं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. मी रामराम म्हणालो. होय, म्हणालो. गाडी गेली. मी वळून बघितलं तर कडूबाई वाटेच्या कडेला उभी होती, तोंड किंचित उघडं, वरच्या ओठावर घामाचे थेंब, आणि दोन्ही हात छातीशी आवळलेले, त्यात काहीच नव्हतं. थंडीचे दिवस होते. पोलिसांच्या कागदात मी जे वाचलं होतं ते माझ्यासमोर उभं होतं. मी तिच्या नावानं तीन हाका मारल्या तेव्हा तिनं श्वास घेतला.

"झालं," ती म्हणाली. "चला."

केवळाबाई अंगणात घोंगडीला टाके घालत होती. मला पाहून उठली, तांब्या आणून दिला. नणंदेला पाणी विचारलं नाही. कडूबाई कुडाच्या बाहेरच थांबली. मी पुन्हा सगळं सांगितलं. सांगताना मला डॉक्टरांसारखं नेमकं जमेना, पण समजेल इतकं सांगितलं. केवळाबाईनं मध्ये तोंड घातलं नाही. माझं संपल्यावर तिनं सुई घोंगडीत खोचली.

"मला कळतंय, सायब," ती म्हणाली. "आज न्हाई, तवाच कळत व्हतं. तिचं लुगडं म्या धुतलंय. तिला तीन दिस हात धरून हागायला म्या नेलंय. वरडली आसती तर ती बी मेली आसती, हे काय मला कळत न्हाई?"

"मग?"

"मग काय?" तिचा आवाज एकदम चिरला. "मी राग कुनावर काडू? भुजंगावर? त्यो रोज माज्या दारावरनं जातो. त्येच्याच इहिरीचं पानी पिते मी. त्येच्याच रानात खुरपायला जाते. पाटलाला शिव्या घालू? कोरटाला घालू? तुमाला घालू? मला एक मानूस लागतंय, सायब, ज्येच्यावर मला थुकता येईल अन् जे उलटं मारनार न्हाई. ही हाय. हिच्यावर थुकते म्हनून मी जगायलेय."

कुडापलीकडं कडूबाईला हे सगळं ऐकू जात होतं. केवळाबाईनं तिच्याकडं पाहिलं नाही. घोंगडी उचलून आत गेली आणि ताटी लावून घेतली.

आम्ही परत सडकेवर आलो. मुकादमानं कडूबाईचा अर्धा दिवस कापला. मी त्याच्याशी दोन शब्द बोलायला लागलो तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, तुमी गेल्यावर मलाच तरास." ती ढिगाऱ्याशी बसली. मी मोटारीची वाट बघत पिंपळाखाली उभा राहिलो आणि मोटार येईपर्यंत तिकडं पाठ करून उभा राहिलो.

परभणीला आल्यावर मी नव्या जज्जसाहेबांना एकदा भीतभीत विचारलं, जुन्या इजहारात एक ओळ चुकली असेल तर? ते म्हणाले, फैसला झालेल्या कागदाला आता वाळवी लागेल, माधवराव, तुम्ही कशाला लागता.

साठ साली तो शेळ्या चारणारा धोंडीबा जमिनीच्या एका कामासाठी कोर्टात आला होता. पार वाकला होता. मी त्याला कडूबाईचं विचारलं. सडक पुढं सरकली तशी तीही मजुरांच्या टोळीबरोबर पुढं गेली, नांदेडच्या बाजूला कुठंतरी आहे म्हणतात, असं तो म्हणाला. केवळाबाई उरलेली मेंढरं विकून माहेरी गेली. भुजंग पंचायतीत निवडून आला, त्यानं ओढ्यावर घाट बांधायचं कबूल केलंय. हे सगळं त्यानं एका दमात सांगितलं आणि मग विचारलं, "ते इष्टांप इकनारं मानूस कुटं बसतंय, सायब?"

मी त्याला बोटानं दाखवलं.